अठ्ठ्याहत्तर म्हणजे नेमके किती?

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीला 'सेव्हन्टी एट' म्हणतात, हे ज्यांनी ती कधी हातात धरलेली नाही त्यांनाही ठाऊक असते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या! आकडा कसा पंचांगातल्या घटिका-पळांसारखा पक्का वाटतो. वास्तविक आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या तबकड्यांवर जीव टाकला, त्यांतल्या अनेक अठ्ठ्याहत्तरच्या नव्हत्याच. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाचे यंत्र वजनाच्या ओढीने फिरायचे. ते कोणी सत्तरच्या आसपास लावी, कोणी ऐंशीच्या पुढे नेई. कुठे लेबलवर ७८ छापलेले, कुठे ८०, आणि बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. घरचा ग्रामोफोन चावीचा, त्याला गती कमी-जास्त करायची सोय असायची. ऐकणारा कानाला बरे वाटेल तिथे ती लावी आणि पुढे जाई. अठ्ठ्याहत्तर हा आकडा स्थिरावला तो पुढे विजेच्या मोटारी आल्यावर, मोटारीच्या फेऱ्या आणि दात्यांची चाके यांच्या हिशेबातून. गवयांना विचारून कोणी तो ठरवलेला नाही.

या सगळ्याचा विचार करायची पाळी माझ्यावर आली ती माळ्यावरच्या एका यंत्रामुळे. आमचे थोरले काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी सत्तरच्या दशकात कधीतरी लेन्को एल-७५ हे स्विस टर्नटेबल आणले. काका गेल्यावर ते जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेले आणि तीस वर्षे तिथेच राहिले. गेल्या वर्षी घराचे काम निघाले तेव्हा ते खाली आले. त्याच्या शेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेत लाखेच्या एकशे एकतीस तबकड्या निघाल्या. भंगारवाला दाराशीच होता. त्याने यंत्र उचलून पाहिले आणि वजनावर खूश होऊन चांगला भाव सांगितला. म्हटले, थांब जरा.

वजन खरोखरच दांडगे. तबकडी ज्यावर ठेवायची ती जस्ताच्या मिश्रधातूची थाळीच चार किलोच्या घरात जाते. हे यंत्र साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फ गावी तयार होऊ लागले. त्याची खुबी थाळीच्या खाली आहे. मोटारीचा दांडा आडवा आणि गाजरासारखा निमुळता. त्यावर रबरी काठाचे एक लहान चाक उभे टेकलेले, आणि तेच चाक वरच्या अंगाने थाळीच्या पोटाला लागून तिला फिरवते. चाक दांड्याच्या जाड भागाकडे सरकवले की गती वाढते, बारीक भागाकडे नेले की उतरते. सोळा, तेहेतीस, पंचेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर या चार जागी खटका आहे. पण खटक्यांच्या मधली कोणतीही गती घ्यायला यंत्राची ना नाही. नुसती दांडी सरकवायची. नव्या महागड्या यंत्रांतल्या बऱ्याच जणांना हे जमत नाही, आणि पुढे सगळी गंमत याच एका गोष्टीने केली.

यंत्र जुने असले की माणसे लगेच 'पार्ट मिळत नाहीत हो' म्हणतात. पार्ट लागतो की नाही हे आधी ठरवावे लागते, आणि ते बरेचसे नुसत्या कानाने ठरते. मी प्लग लावला, तबकडी न ठेवता चालू केले. घरघर होती. मग मोटार बंद करून फक्त आवाजाचा अॅम्प्लिफायर चालू ठेवला. घरघर गेली, पण एक बारीक गुणगुण राहिली. म्हणजे दुखणी दोन. थाळी थांबल्यावरही जी गुणगुण राहते ती विजेची, अर्थिंगच्या तारेची किंवा केबलची. थाळीबरोबर जी थांबते ती यंत्राची. त्यातही जरा मोजत बसले की आणखी उलगडा होतो. तेहेतीसच्या गतीला थाळीची एक फेरी पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त घेते. 'थड्' असा आवाज त्या अंतराने आला तर दोष थाळीत किंवा तबकडीत. त्याहून भरभर आला तर रबरी चाकात. आणि न थांबता एकसारखी घरघर असेल तर मोटार किंवा मधला बेअरिंगचा खांब. डॉक्टर छातीवर बोटे ठोकून पाहतात त्यातलाच हा प्रकार आहे, फी तेवढी नाही.

थाळी उचलली. बेअरिंगमधले तेल वाळून मेणासारखे झाले होते, हिरवट आणि चिकट. आपल्याकडे अशा वेळी कोणीतरी दोन थेंब खोबरेल सोडतो. थंडीत ते थिजते आणि एरवीही त्याचा चिकटा धरतो, म्हणजे वर्षाने पुन्हा तेच. आधी जुने सगळे काढायचे. खांब, त्याची पितळी नळी आणि तळाची चकती स्पिरिटने पुसून कोरडी केली, मग स्वच्छ मशीन ऑइल घातले. मोटारीच्या दोन टोकांना शिलाई मशीनचे तेल थेंब-थेंब पुरले. त्यानंतर थाळी हाताने फिरवून सोडली तर मिनिटभर ती आपली आवाज न करता फिरतच राहिली. एवढ्याने अर्धी घरघर गेली. रबरी चाकाचा काठ काचेसारखा गुळगुळीत झाला होता, म्हणून ते घसरत होते. ते स्पिरिटच्या फडक्याने पुसले आणि फिरत असताना अगदी बारीक पॉलिश पेपर हलकेच टेकवला. चाक पन्नास वर्षांचे आहे, पण रबर अजून धड आहे. स्विच उघडला तर त्याच्यावरचा ठिणगी मारणारा कपॅसिटर फुगलेला. तसला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळतो. मात्र तो विजेच्या मुख्य लाइनवर चालणाराच मागून घ्यावा, दुसरा बसवू नये.

या जातीच्या यंत्रांचे ठरलेले दुखणे मात्र वेगळ्याच जागी आहे. सुई धरणारा जो लांब हात असतो तो दोन सुरीसारख्या धारांवर तोललेला असतो. त्या धारा रबराच्या दोन खाचदार ठोकळ्यांत टेकतात. काळाने हे रबर खडखडीत होते किंवा चुरा होऊन पडते. हात डुगडुगतो, आणि मोठा आवाज आला की आतून थरथर ऐकू येते. माझ्या यंत्रात एका ठोकळ्याच्या जागी नुसती काळी पूड होती. असे ठोकळे परदेशातून मागवता येतात. मी एका टूलरूमवाल्या ओळखीच्या माणसाला उरलेला एक ठोकळा दाखवला. त्याने नायलॉनच्या पट्टीतून दुपारच्या चहापर्यंत दोन कापून दिले. पैसे घेतले नाहीत. 'तबकडी वाजली की फोनवर ऐकवा,' एवढेच म्हणाला.

आता सुई. लाँगप्लेची सुई लाखेच्या तबकडीवर लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. लाँगप्लेच्या सुईचे टोक वीसेक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. जुन्या तबकडीची खोबण त्याच्या तिपटीहून रुंद. तसली सुई खोबणीच्या भिंतींना धरतच नाही, तळाला जाऊन तिथली धूळ तेवढी वाचते. 'जुन्या रेकॉर्डी खरखरतातच' असे जे म्हणतात, त्यातली निम्मी खरखर या तळाची असते. सत्तर-पंचाहत्तर मायक्रॉनची वेगळी सुई घेतली आणि तबकडीवरचा भार तीन-साडेतीन ग्रॅम ठेवला. जुन्या ग्रामोफोनचे डोके शंभर ग्रॅमच्या वर दाबायचे आणि पोलादी पिन दर बाजूला बदलावी लागायची. त्या मानाने हे म्हणजे मोरपीस झाले.

एक गोष्ट मात्र वाचकांनी लिहूनच ठेवावी. चाकाला लावले ते स्पिरिट तबकडीला चुकूनही लावू नये. तबकडी लाखेची आहे. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी चपडा लाख कशात विरघळवतो हे ज्याने पाहिले आहे त्याला कारण सांगायला नको. साध्या शुद्ध पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडे ठेवायचे आणि पंख्याखाली वाळवायचे. बस्स.

यंत्र वाजू लागले आणि गतीचा प्रश्न उभा राहिला.

गती तपासायला कागदाची रेघांची चकती मिळते. पन्नास सायकलच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्या उजेडात सत्याहत्तर रेघांची चकती स्थिर दिसली की थाळी अठ्ठ्याहत्तरने फिरते असे समजायचे. हिशेब करून पाहा, नेमका आकडा ७७.९२ येतो. जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब असेल तर हे जमते. हल्लीच्या एलईडीचा बहुधा उपयोग होत नाही. मी टेस्टरचा निऑन वापरला. पण या चकतीत एक मोठी ग्यानबाची मेख आहे. थाळी फिरवणारी मोटार आणि चकतीवर उजेड टाकणारा दिवा, दोघेही एकाच विजेवर पोसलेले. वीज मंदावली तर दोघे एकदमच मंदावतात, आणि चकती मात्र शपथेवर 'सगळे ठीक आहे' असे सांगते. चोर आणि पंच एकाच घरचे!

हे नुसते तर्काचे नाही. २००२ साली आपल्या पश्चिम विभागात विजेच्या वारंवारतेशी दर जोडण्याची पद्धत आली. त्याआधी मागणी वाढली की पन्नासची वारंवारता साडेअठ्ठेचाळीसपर्यंत आणि क्वचित त्याखालीही उतरायची. आता ४९.९ ते ५०.०५ यांच्या मध्ये ती राखायची असते. साडेअठ्ठेचाळीस म्हणजे तीन टक्के कमी. पेटीवर लगतच्या दोन पट्ट्यांत सहा टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे ऐंशीच्या दशकात संध्याकाळी सात वाजता, भाकऱ्या भाजल्या जात असताना, विजेच्या टर्नटेबलवर आपण जे गाणे ऐकले ते निम्मी पट्टी उतरलेले ऐकले. सकाळी तेच गाणे चढे वाटले तर कोणी म्हणे, सकाळी कान ताजे असतात. कान कशाला, कोयनेचे पाणी आणि कारखान्यांची पाळी त्यात होती.

मी शेवटी थाळीच्या काठाला पांढरी चिकटपट्टी लावली आणि मोबाइलवर चित्रण करून शंभर फेऱ्या मोजल्या. अठ्ठ्याहत्तरच्या गतीला शंभर फेऱ्यांना सत्याहत्तर सेकंदांना जरा कमी लागतात. मोबाइलच्या घड्याळाला विजेच्या मंदीशी देणेघेणे नाही. खटका दोन टक्के पुढे होता. तो सरकवून पक्का केला. आता माझे अठ्ठ्याहत्तर हे खरे अठ्ठ्याहत्तर झाले.

पण तबकडीचे?

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला फ्रेड गाइसबर्गने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, ही आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच म्हणायची. ते मेण जर्मनीत हॅनोव्हरला जायचे आणि तिथे तबकड्या निघायच्या. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे म्हणून गाणारा शेवटी आपले नाव उच्चारी. त्या बाईंनी इंग्रजीत मोठ्या ऐटीत सांगितलेले नाव प्रसिद्धच आहे. जुन्या तबकड्यांचा नाद असलेल्यांना या नाव सांगण्याचा वेगळाच फायदा होतो. गाणे कोणत्याही पट्टीत गाता येते, पण माणूस बोलतो ते त्याच्या ठरल्या आवाजात. बोलणे चिमणीसारखे झाले तर गती जास्त, घशात खर्ज अडकल्यासारखे झाले तर कमी.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचे. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्या सोनेरी तबकडीबरोबर सुई आणि ती धरणारे काडतूसही ठेवले आहे, आणि ती किती वेगाने फिरवायची हे झाकणावर कोरले आहे. एका फेरीला ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला पावणेसतराला जराशा कमी फेऱ्या. पण परग्रहावर सेकंद कोणाला माहीत? म्हणून तो वेळ हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाच्या मापाने सांगितला आहे. कोणी ऐकेल की नाही याची खात्री नसताना केवढी ही काळजी! आणि ज्यांच्या तबकड्या मुंबई-पुण्याच्या घराघरांत जाणार होत्या, त्यांच्या लेबलवर गती छापायचे राहून गेले.

ट्रंकेतल्या एकशे एकतीसांपैकी एक तबकडी मी वेगळी काढली होती. लेबल झिजलेले, गाणाऱ्याच्या नावातली तीनच अक्षरे उरलेली. माझी आत्या मिरजेला असते, वय अठ्ठ्याऐंशी. तिने लहानपणी ज्यांच्याकडे गाणे शिकले त्या गुरुजींची ही तबकडी, तिसाच्या दशकात निघालेली. त्यांची दुसरी तबकडी निघाल्याचे आत्याला ठाऊक नाही. रेडिओवर ते कधी गायले नाहीत. 'त्यांचं नाव पेपरात छापू नकोस, त्यांना आवडायचं नाही,' असे तिने बजावले आहे, म्हणून छापत नाही. त्यांना समोर बसून ऐकलेल्यांत आता ती एकटीच उरली आहे. आणि तिच्या उजव्या कानाने गेल्या पावसाळ्यापासून साथ सोडली आहे.

थाळी वेगळी काढून उशांच्या मध्ये बांधली, कारण ती जागेवर ठेवून यंत्र गाडीतून नेले तर बेअरिंगचे हाल होतात. मिरजेला पोचून सगळे जुळवेपर्यंत संध्याकाळ झाली. आत्याने आपली पेटी काढून ठेवली होती. ती गुरुजींचीच, त्यांनी तिला दिलेली.

अठ्ठ्याहत्तरला लावले. आत्या ऐकत राहिली आणि मान हलवली. ती आडवी होती.

'हे कोण गातंय?'

'तुझे गुरुजी.'

'छे. कोणीतरी त्यांची नक्कल करतंय. घाईत आहे.'

पेटीवर पाहिले तर षड्ज पांढरी दोनच्या किंचित खाली येत होता. गुरुजी शिकवताना नेहमी काळी एक घेत, आत्या म्हणाली. मी म्हटले, 'तबकडी तरुणपणाची आहे. तेव्हा आवाज चढा असेल. तुला शिकवलं तेव्हा त्यांची पन्नाशी आली होती.' हे तिला पटले. पण तिने पट्टीचा मुद्दाच बाजूला ठेवला. 'शेवटून जरासं आधी तबलजीला ते हं म्हणतात बघ. तान ऐकू नकोस. तो हं लाव.'

मी तीनदा ऐकले तेव्हा मला तो सापडला. समेच्या आधी, खरखरीच्या मागे, एक छोटासा हुंकार. लिहायचा तर अर्ध्या अक्षराचा. मी तेवढाच भाग पुन्हा पुन्हा लावत गेलो आणि दांडी रेसारेसाने मागे घेत गेलो. आत्या डावा कान पुढे करून, डोळे मिटून बसली होती. आकडे मी माझ्याकडेच ठेवले होते. 'थांब,' ती म्हणाली. चिकटपट्टी मोजली तर पंचाहत्तर. दांडी हलवून पुन्हा सुरुवात केली, या वेळी खालून वर. 'थांब.' चौऱ्याहत्तर. तिसऱ्यांदा साडेचौऱ्याहत्तर. तिथे पूर्ण तबकडी लावली. तीन मिनिटे कोणी बोलले नाही. मग तिने पेटीचा भाता उघडला आणि काळी एक दाबली. षड्ज तिच्यावर येऊन बसला.

यावर शंका घेता येते आणि मी ती तिथेच घेतली. आत्याच्या कानात काळी एक इतकी भिनलेली आहे की तो हुंकार ओळखताना तिने नकळत पट्टीच ओळखली असेल. शिवाय ही पेटी मिरजेच्या कोणत्या कारागिराने कधी आणि कशाशी जुळवली हे कोणाला माहीत! आत्याने मला पुरते बोलू दिले. म्हणाली, 'तू आईला फोनवर ओळखतोस ना? मग पट्टी बघून ओळखतोस का?'

तिथल्या एका भाच्याचे म्हणणे असे पडले की, एवढा खटाटोप कशाला, संगणकावर एकदा मुद्रण करून घ्या आणि मग हवी तशी गती बदला. मुद्रण मी केलेही आहे, ठरलेल्या अठ्ठ्याहत्तरवर, कारण पुढे कोणाला दुसरे काही वाटले तर त्याला हिशेब मांडता यावा. पण मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या गाण्यांची कोणत्या गतीने नक्कल केली हे लिहिण्याची तसदी बहुतेक जण घेत नाहीत. तिथे 'दुर्मीळ' लिहिलेले असते, फेऱ्या लिहिलेल्या नसतात. पुढच्या पिढीतली एखादी मुलगी त्यावरून गळा तयार करील आणि घाईत असलेल्या नकलेलाच मूळ समजेल.

आत्याने तबकडीचा कागदी पाकीट मागून घेतला. चष्मा लावून पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिले: ७४॥. तिच्या वेळच्या शाळेतल्या दोन उभ्या रेघा, अर्ध्यासाठी. खाली तारीख घातली.

दुसऱ्या बाजूला ठुमरी आहे. तिच्यात हुंकार नाही. त्याच दिवशी त्याच यंत्रावर भरली असेल तर गती तीच असायला हवी, पण आत्या त्यावर विसंबायला तयार नाही. अंतऱ्याच्या आधी गुरुजींनी श्वास घेतल्याचे ऐकू येते, तो ती आधी नीट ऐकणार आहे. दसऱ्यानंतर मी पुन्हा मिरजेला जाणार आहे. तोवर रबरी चाकाची स्प्रिंग जरा घट्ट करून घ्यायची आहे. शेवटच्या अर्ध्या मिनिटाला ती किंचित ढिली पडते असा मला संशय आहे.